उचलले, पण नेले कुठे?

‘वजन’ आणि ‘ओझे’ हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण जरा कान देऊन ऐकले तर त्यांच्यात फारशी सोयरीक नाही असे लक्षात येते. वजन मान देते. अमक्याच्या शब्दाला वजन आहे, तमका तालुक्यातला वजनदार माणूस आहे, असे आपण म्हणतो. कचेरीतला कागद पुढे सरकत नसेल तर त्याच्यावर वजन ठेवावे लागते, हा तर लहान मुलांनाही ठाऊक झालेला अर्थ. ओझ्याला असला मान कधी मिळालेला नाही. ओझे लादले जाते, वाहिले जाते, उतरले की माणूस ‘सुटलो’ म्हणतो. ओझ्याचे गाढव असते. वजनाचे गाढव कोणी ऐकले आहे?

या दोन शब्दांतले अंतर मला एका खेळाने दाखवले. भारोत्तोलनाचा खेळ मी गेली पुष्कळ वर्षे आवडीने पाहत आलो आहे. स्वतः कधी लोखंडी बार हातात धरलेला नाही. माझे सगळे आयुष्य खडू आणि डस्टर उचलण्यात गेले. पण या खेळात एक सरळपणा आहे, तो मला ओढून घेतो. समोर प्रतिस्पर्धी उभा नसतो, चेंडू हुकवून जात नाही, पंचाशी हुज्जत घालायला फारशी जागा नसते. माणूस असतो आणि जमीन वस्तूला खाली ओढते ती ओढ असते. बाकी सगळी सजावट.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा चालू होत्या. पुरुषांच्या सर्वांत वरच्या, म्हणजे १०९ किलोंवरील गटात पाकिस्तानच्या नूह दस्तगीर बट याने एकूण ४०५ किलो उचलून सुवर्ण घेतले आणि आपल्या गुरदीप सिंगला ३९० किलोंवर कांस्य मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर ते पुन्हा दाखवीत होते. हळर्णला आमच्या वाड्यावरची एक काकी त्या वेळी पान लावायला म्हणून आमच्या पडवीत आली होती. वय ऐंशीच्या घरातले. गुरदीपने २२३ किलोंचा बार डोक्यावर धरला, पंचांची खूण झाली, आणि धाडकन बार खाली आला. काकीने पानाला चुना लावता लावता विचारले, “उचलल्यान आणि थंयच टाकल्यान? मगे नेल्यान खंय?”

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. तिने थट्टा केलीच नव्हती. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या वर्षांत, लग्नाआधी, ती डिचोलीकडच्या एका खाणीवर कामाला होती. त्या काळी यंत्रे थोडी आणि माणसे पुष्कळ. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत लोखंडाची माती, आणि दिवसभर खेपा. खेप पोचली की तिची गणती होई, मध्येच पाटी पडली तर होत नसे. उचलणे हे काम नव्हतेच, नेणे हे काम होते. अशा बाईला एक भलादांडगा गडी गावभर टाळ्या घेऊन एक वस्तू जिथल्या तिथे टाकतो हे कसे समजावून सांगायचे? तेव्हा मी काहीतरी बोललो; पण ते बोलणे उत्तर नव्हते, विषय बदलणे होते. हा प्रश्न तिथे सोडून देण्यासारखा नाही असे मला वाटत राहिले. जे श्रम कुठेच पोचत नाहीत त्यांचा आपण सत्कार करतो, आणि जे रोज कुठेतरी पोचतात त्यांना चहा विचारताना मागेपुढे पाहतो. हा नुसता आपला वेडेपणा, की त्यात काही अर्थ आहे?

निरुपयोगी वजन उचलण्याची हौस साहेबाने आणली असे मात्र कोणी म्हणू नये. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात सरदार पानशांनी खंडोबाला अर्पण केलेला खंडा उचलतात. चाळीस-बेचाळीस किलोंचे ते हत्यार. एका हाताने ते तोलून कोण किती वेळ धरतो याची चुरस लागते. त्या खंड्याने कोणाचे मुंडके उडवायचे नसते. पुण्याजवळ खेड शिवापूरच्या दर्ग्यात तर त्याहून नवलाचा प्रकार. तिथला मोठा दगड सुमारे ९० किलोंचा सांगतात. अकरा जणांनी एकेक बोट लावायचे, कमरअली दरवेशांचे नाव एका दमात घ्यायचे, आणि दगड वर येतो. वर येतो आणि पुन्हा खाली ठेवला जातो. त्या दोन्ही ठिकाणी काकीने ‘नेल्यान खंय’ असे विचारले नसते, कारण तिथे देव आहे, पीर आहे. श्रम त्यांच्या पायाशी पोचले असे ती धरून चालली असती. बर्मिंगहॅमच्या त्या लाकडी चौथऱ्यावर तिला देव दिसला नाही, एवढेच.

चौथऱ्यावर काय असते ते बघू. तिथे नियम असतात, आणि ते सावकाश वाचले तर मोठे शहाणपणाचे आहेत. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोन प्रकार, प्रत्येकात तीन संधी. आपण किती किलो उचलणार हे खेळाडूनेच आधी सांगायचे. नाव पुकारल्यावर त्याला साधारण एक मिनिट मिळते. त्या मिनिटात त्याने हात चोळावेत, देवाचे नाव घ्यावे, नाहीतर बार न उचलताच माघारी जावे. बार डोक्यावर गेला की हातपाय स्थिर व्हावे लागतात, आणि स्थिर झाल्याबरोबर पंच ‘खाली’ अशी खूण करतात. त्या खुणेनंतर एक क्षणही ते वजन धरून ठेवण्याची सक्ती नाही. आणि या सगळ्याच्या आधी, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माणसाचेच वजन केलेले असते. ५५ किलोंच्या पोराला १०९ किलोंच्या गड्यासमोर उभे करीत नाहीत.

हे माणसाचे वजन करणे किती टोकाला जाऊ शकते याची एक गोष्ट आहे. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकच्या हेवीवेट गटात अमेरिकेचा पॉल अँडरसन आणि अर्जेंटिनाचा उंबेर्तो सेल्व्हेत्ती यांच्यात लढत झाली. अँडरसनचे नाव आधीच जगभर झालेले. १९५५ साली मॉस्कोत रशियन प्रेक्षकांनी त्याला निसर्गाचा चमत्कार म्हटले होते. मेलबर्नला मात्र तो तापाने फणफणलेला आला. तेव्हा उचलण्याचे तीन प्रकार होते. सेल्व्हेत्तीची बेरीज ५०० किलो झाली. अँडरसनला बरोबरी साधायला शेवटच्या प्रकारात १८७.५ किलो हवे होते. पहिल्या प्रयत्नात बार पडला, दुसऱ्यात पडला, तिसऱ्यात वर गेला. त्याचीही बेरीज ५००. आता तराजू आणला तो माणसांसाठी. सेल्व्हेत्ती १४३.५ किलो भरला, अँडरसन १३७.९. सारखेच वजन कमी देहाने उचलले म्हणून सुवर्ण अँडरसनला. ज्या आजाराने त्याचे वजन उतरवले त्यानेच त्याला जिंकवले, असे म्हणायला हरकत नाही. अलीकडच्या काळात हा नियम बदलला. आता बरोबरी झाली तर तो आकडा आधी गाठणारा पुढे धरतात. सोयीचा नियम आहे, पण मला जुना आवडे. उचललेल्या वस्तूबरोबर उचलणाराही मोजला पाहिजे, ही त्यातली न्यायबुद्धी साधी नव्हती.

आणि काकीच्या खाणीवर नेमकी हीच न्यायबुद्धी नव्हती. हमालाला वजनगट नसतो. पाटीचे माप एकच. ती सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर चढो की चार बाळंतपणे झालेल्या बाईच्या. तिला तीन संधी नसतात, तिने आकडा सांगायचा नसतो, तो मुकादम सांगतो. ‘खाली’ म्हणणारे कोणी नसते. ते काम संध्याकाळ करते. त्या वर्षांत गोव्याचे लोखंड प्रामुख्याने जपानला जात असे. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झाले तेव्हा तिथल्या बारच्या चकत्यांत डिचोलीच्या मातीचा एखादा कण असेलच असा माझा दावा नाही, पण तसा विचार मनात आला की तो सहज जात नाही. त्या स्पर्धेत युरी व्लासोव्ह आणि लिओनिद झाबोतिन्स्की या दोन सोव्हिएत पहिलवानांत अडीच किलोंचा फरक पडला. आपण सुवर्णाचा नाद सोडला असे झाबोतिन्स्कीने भासवले, व्लासोव्ह गाफील राहिला, आणि शेवटच्या प्रयत्नात २१७.५ किलो उचलून झाबोतिन्स्की ५७२.५ वर गेला. व्लासोव्ह ५७० वर अडकला. आपण ते रौप्यपदक संतापाने खिडकीबाहेर फेकले असे व्लासोव्हने पुढे सांगितले. लोखंड कोणाला फसवत नाही. माणसे त्याच्या आडून फसवतात. त्याच गृहस्थाने पुढे लेखणी हाती घेतली, आणि १९८९ मध्ये लोकप्रतिनिधी म्हणून उभे राहून गुप्त पोलिसांविरुद्ध उघड भाषण केले. माझ्या मते त्याने उचललेले ते सर्वांत मोठे वजन. आणि तेही त्याने स्वतःच निवडलेले.

निवडलेले, हा शब्द इथे आला हे बरे झाले. चौथऱ्यावरचा माणूस आणि पाटीवाली बाई यांत फरक कसला, तर बळाचा नाही. काकीने दिवसभरात वाहिलेल्या मातीची बेरीज केली तर गुरदीप सिंगचे ३९० किलो दुपारच्या पेजेआधीच मागे पडले असते. फरक आहे तो ‘एवढे उचलीन’ आणि ‘आज नको’ असे म्हणण्याच्या अधिकाराचा. आपण टाळी वाजवतो ती त्या अधिकाराला वाजवतो असे मला वाटते. ज्याला नाही म्हणता येते तो जेव्हा हो म्हणतो, तेव्हा त्या हो मध्ये काही शोभा असते. जिला नाही म्हणायची सोय नाही तिच्या कष्टाचे कौतुक करायला आपली जीभ अडखळते, कारण कौतुक करू लागलो तर लगेच पुढचा प्रश्न येतो: मग हिच्यावर एवढे लादले कोणी?

पण निवड म्हणजे तरी काय? त्याच बर्मिंगहॅममध्ये, ३० जुलैला, सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले. घरची पानटपरी, त्या गल्लीतून आलेला मुलगा. स्नॅचमध्ये ११३ किलो, क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५. बेरीज २४८, सुवर्ण जवळपास हातात. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो वर नेताना उजव्या हाताचे कोपर दुखावले. ज्यांनी ते पाहिले त्यांना त्याचा चेहरा आठवत असेल. आणि तरी तो तिसऱ्या प्रयत्नासाठी आला. त्याच १३९ किलोंसाठी, त्याच हाताने. बार पुन्हा पडला. मागून मलेशियाच्या अनिक कसदानने १४२ किलो उचलले आणि २४९ बेरजेने, एका किलोने, सुवर्ण नेले.

तो तिसरा प्रयत्न त्याने करायला हवा होता का? आमच्याकडे यावर बरीच चर्चा झाली. तरुण मंडळी म्हणाली, यालाच जिद्द म्हणतात. माझे मत वेगळे आहे, आणि ते लोकांना रुचत नाही. नियमाने त्याला नाही म्हणायला एक मिनिट दिले होते. पण त्या मिनिटात त्याच्या कानाशी देश होता, घर होते, पुन्हा चार वर्षे थांबावे लागेल हे गणित होते. एवढी सगळी मंडळी जवळ उभी असताना माणूस नाही म्हणेल कसा? तो चौथऱ्यावर आला याबद्दल मी त्याला बोल लावीत नाही. शरीर त्याचे आहे, हिशेब त्याचा आहे. बोल लावायचा तर दिवाणखान्यात बसून ‘उचल, उचल’ म्हणणाऱ्या आम्हाला. दुखावलेल्या हाताकडे बघत आम्ही खेपा मोजत होतो, आणि हे काम मुकादमाचे. ज्या क्षणी प्रेक्षक मुकादम होतो त्या क्षणी चौथऱ्याची खाण होते, आणि वजनाचे ओझे होते. या खेळाला लागलेली औषधांची कीड मला याच घरातली वाटते. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकचे जपून ठेवलेले नमुने पुढे पुन्हा तपासले तेव्हा भारोत्तोलकांची कितीतरी पदके परत गेली. दोष त्यांचा आहेच. पण सुईच्या दुसऱ्या टोकाला अंगठा एकट्या खेळाडूचाच असतो असे मला वाटत नाही.

याच्या उलट बाजूलाही एक उदाहरण आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००८ साली बीजिंगला १०५ किलोंवरील गटात जर्मनीच्या माथियास श्टाइनरला सुवर्णासाठी शेवटच्या प्रयत्नात २५८ किलो उचलायचे होते. रशियाच्या चिगिशेवची बेरीज ४६० झाली होती आणि श्टाइनरचे स्नॅच २०३ होते. वजाबाकी कोणीही करावी. म्हणजे तो आकडा त्याने निवडला नव्हता, दुसऱ्याच्या बेरजेने त्याच्यापुढे आणून ठेवला होता. त्याने तो उचलला. पदक घेताना त्याच्या हातात एक छायाचित्र होते. वर्षभरापूर्वी त्याची बायको, झुझान, मोटार अपघातात गेली होती. काकीच्या प्रश्नाचे एक उत्तर या माणसाकडे आहे. ते २५८ किलो चौथऱ्यावरून एक इंचही हलले नाहीत, तरी ते कोणाकडे नेले हे त्याला पक्के ठाऊक होते.

दुसरे उत्तर अँडरसनकडे आहे आणि ते जास्त व्यवहारी आहे. ऑलिंपिकनंतर तो पैसे घेऊन शक्तीचे प्रयोग करू लागला आणि हौशी खेळाडूंच्या स्पर्धा त्याला बंद झाल्या. १९६१ साली त्याने आणि त्याच्या पत्नीने जॉर्जिया राज्यातल्या विडेलिया गावी वाट चुकलेल्या मुलांसाठी एक आश्रम काढला. तो चालवण्यासाठी हा गावोगाव हिंडून वजने उचलत असे. म्हणजे मेलबर्नला जे जिथल्या तिथे टाकले, ते पुढे त्याने वर्षानुवर्षे खेपा करून एका दारात नेऊन पोचवले. पदकापेक्षा हे मोठे, असे मी म्हणणार नाही. तशी तुलना मला अप्रस्तुत वाटते. चांगल्या कामाला जोडल्याशिवाय बळाला किंमत नाही असे एकदा मानले की उद्या गाण्यालाही विचारावे लागेल, नेलेस कुठे?

हळर्णला शापोरा नदीच्या काठी जांभ्या दगडाचा किल्ला आहे. तो सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकला, आणि त्या पराक्रमाबद्दल राजाने त्याला अलोर्नाचा मार्किझ केले. अलोर्ना म्हणजे आमचे हळर्ण. पुढे त्याची नात पोर्तुगीज भाषेतली नामांकित कवयित्री झाली, आणि लिस्बनकडची मंडळी तिला आजही आमच्या गावाच्या नावानेच ओळखतात. गावाचे वजन पदवी होऊन समुद्रापार गेले. तटाचे चिरे ज्यांनी खांद्यावरून वर चढवले त्यांच्या वाट्याला ओझे आले. मला चीड येते ती खेळाडूच्या सन्मानाची नव्हे. या जुन्या वाटणीची येते. चौथऱ्यावरच्या माणसाला आपण जे देतो, म्हणजे देहाचा अंदाज घेऊन लावलेले माप, श्वास घ्यायला एक मिनिट, पाहणारे डोळे आणि ‘आता खाली ठेव’ अशी खूण, ते ओझे वाहणाऱ्याला द्यायला आपल्याला फार उशीर झाला.

थोडे थोडे दिले गेले, तेही मागून घ्यावे लागले. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोंचे पोते पन्नासावर आणा ही हमालांची मागणी कित्येक वर्षे चालली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की एकट्या प्रौढ पुरुषाने वाहायचे ओझे ५५ किलोंहून जास्त असेल तर ते कमी करण्याचे उपाय योजावेत, आणि बायकांसाठी ते आणखी पुष्कळ कमी असावे. ५५ हा आकडा सांगलीच्या पोराच्या गटाचाही, योगायोगच म्हणायचा. काकी खाण सोडून सासरी आली त्याला तोवर बरीच वर्षे झाली होती.

पेडण्याच्या बाजारात तांदळाचा ट्रक उभा असला की मी हल्ली थोडा वेळ थांबतो. फळीवरचा गडी पोते पुढे सरकवतो. खालचा हमाल डोक्यावरचा गमछा सारखा करतो, पाठ देतो, आणि पोते पाठीवर आल्यावर लगेच निघत नाही. “थांब रे,” म्हणतो, पाय रुंद करतो, पोते नीट बसवून घेतो, मग पहिले पाऊल टाकतो. ते थांबणे मी मनात मोजून पाहिले आहे. चार-पाच सेकंद भरते.